थॉमस हार्डीच्या कादंबऱ्या : आरंभ कोठून करावा?

प्रास्ताविक

थॉमस हार्डी (१८४०-१९२८) याच्या नावावर चौदा प्रकाशित कादंबऱ्या आहेत. १८७१ ते १८९७ या कालावधीत त्या पुस्तकरूपाने आल्या आणि आयुष्याची उरलेली तीस वर्षे त्याने प्रामुख्याने कवितेला दिली. एवढ्या विस्तृत साहित्यात शिरताना प्रथम कोणते पुस्तक हाती घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आणि केवळ व्यावहारिक वाटतो. महाविद्यालयातील अध्यापकापुढे मात्र तो वारंवार येतो. कधी अभ्यास मंडळाच्या बैठकीत, जेव्हा संपूर्ण व्हिक्टोरियन कालखंडासाठी दोनच कादंबऱ्यांची जागा असते. तर कधी वर्गाबाहेर, जेव्हा एखादा विद्यार्थी आपणहून येऊन विचारतो, ‘सर, हार्डी वाचायचा आहे, सुरुवात कशापासून करू?’ या दुसऱ्या प्रसंगी दिले जाणारे उत्तर बहुधा सवयीने दिलेले असते. अध्यापकाने स्वतः जी कादंबरी पदवीला अभ्यासली, तिचेच नाव तो सांगतो.

पहिले वाचलेले पुस्तक हे केवळ क्रमाने पहिले राहत नाही. त्या लेखकाविषयीची वाचकाची धारणा तेच घडवते आणि पुढची पुस्तके त्या धारणेच्या उजेडात वाचली जातात. हार्डीच्या बाबतीत ही धारणा सर्वश्रुत आहे. हार्डी म्हणजे निराशावादी, हार्डी म्हणजे नियतिवादी, हार्डीच्या जगात माणूस हे अज्ञात शक्तीच्या हातातील बाहुले : ही वाक्ये मार्गदर्शक पुस्तिकांतून उत्तरपत्रिकांत आणि उत्तरपत्रिकांतून पुन्हा अध्यापनात फिरत राहतात. ती पूर्णतः खोटी नाहीत. परंतु ती इतक्या लवकर हाती येतात की त्यांच्यानंतर कादंबरी वाचण्याची गरजच उरत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, ही धारणा बऱ्याच अंशी चुकीच्या ठिकाणाहून केलेल्या आरंभाचा परिणाम आहे. हार्डीचे वाचन ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) किंवा ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (१८९५) पासून नव्हे, तर ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ (१८७४) पासून सुरू व्हावे. ती सोपी आहे किंवा तिचा शेवट सुखाचा आहे, ही त्यामागची कारणे नव्हेत. ज्याला नियती म्हटले जाते ती हार्डी कोणत्या सामग्रीतून उभी करतो, हे तिच्यात उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

अनुक्रमाचे मार्ग

प्रकाशनाच्या क्रमाने वाचावे, हा एक सरळ मार्ग. तो हार्डीच्या बाबतीत फारसा फलदायी नाही. ‘डेस्परेट रेमेडीज’ (१८७१) ही पहिली प्रकाशित कादंबरी त्याने निनावी काढली आणि तिच्या प्रकाशनासाठी स्वतःच्या खिशातून ७५ पौंड भरले. तत्कालीन रहस्यप्रधान कादंबरीच्या साच्यात बसवलेली ही कृती अभ्यासकाला उपयुक्त, नवख्या वाचकाला मात्र दिशाभूल करणारी आहे. दुसरी, ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ (१८७२), अतिशय गोड आहे. परंतु तिच्यात पुढच्या हार्डीची चाहूल फारच थोडी लागते.

दुसरा मार्ग खुद्द हार्डीने दाखवलेला आहे. १९१२ च्या वेसेक्स आवृत्तीसाठी त्याने आपल्या कथात्म साहित्याचे तीन वर्ग पाडले : स्वभाव आणि परिसर यांच्या कादंबऱ्या, अद्भुतरम्य व कल्पनाप्रधान कथा, आणि चातुर्यप्रधान कादंबऱ्या. आज ज्या पुस्तकांसाठी हार्डी ओळखला जातो ती जवळजवळ सर्व पहिल्या वर्गात आहेत. त्यामुळे निवडीचे क्षेत्र सातवर येते. या वर्गाच्या नावातील ‘परिसर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मराठीत प्रादेशिक कादंबरीची चर्चा निघाली की हार्डीच्या वेसेक्सचा उल्लेख होतो. पण त्या उल्लेखात परिसर म्हणजे टेकड्या, माळराने, बोलीभाषा आणि लोकरूढी एवढाच अर्थ बहुधा अभिप्रेत असतो. हार्डीच्या परिसरात भाव, भाडेपट्टा, मजुरी, विमा आणि हवामान यांचाही समावेश होतो. बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा आणि वास्तुविशारदाच्या हाताखाली शिकलेला हा लेखक कोणतीही इमारत कशावर उभी आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

‘टेस’पासून आरंभ केल्यास

‘टेस’ ही हार्डीची सर्वाधिक वाचली जाणारी कादंबरी असावी. तिची नायिका इंग्रजी कादंबरीतील अविस्मरणीय स्त्रियांपैकी एक आहे, याविषयी वाद नाही. भारतीय चित्रपटालाही तिचे आकर्षण वाटले : ‘दुल्हन एक रात की’ (१९६७) हा हिंदी चित्रपट तिच्यावर बेतलेला होता आणि मायकेल विंटरबॉटमने ‘तृष्णा’ (२०११) मध्ये तिचे कथानक राजस्थान व मुंबईत आणले. मग आरंभ तेथूनच का करू नये?

अडचण कादंबरीच्या गुणवत्तेत नाही, तिच्या स्वरात आहे. ‘टेस’ लिहिताना हार्डी पन्नाशीत होता आणि संतापलेला होता. ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात ती क्रमशः छापली जाताना कुटुंबवाचनास अनुचित म्हणून तिच्यातील महत्त्वाचे प्रसंग वगळावे लागले; टेसने आपल्या मरणोन्मुख अर्भकाला स्वतः दिलेला बाप्तिस्मा हा भाग त्याला दुसऱ्या नियतकालिकात स्वतंत्रपणे छापावा लागला. एंजेल क्लेअर दूधवाल्या मुलींना पाण्यातून उचलून नेतो, तेही संपादकाला खपले नाही. तेथे एक ढकलगाडी आणावी लागली. (या ढकलगाडीची हकिकत वर्गात सांगितली की हशा पिकतो, पण त्या हशातूनच व्हिक्टोरियन संपादकीय नीती सर्वांत लवकर समजते.) पुस्तकात हे सर्व परत आले आणि त्याबरोबर निवेदकाचा अभियोक्त्यासारखा स्वरही आला. देव, समाज, निसर्गनियम या सर्वांना तो एकापाठोपाठ एक जाब विचारतो. हार्डीशी पूर्वपरिचय नसलेला वाचक साहजिकच निवेदकाच्या या विधानांनाच कादंबरीचा आशय मानतो.

याचे एक ठळक उदाहरण चौथ्या प्रकरणात आहे. टेस आणि तिचा लहान भाऊ अब्राहम पहाटेच्या अंधारात मधमाश्यांच्या पोळ्या घेऊन बाजाराला निघाले आहेत. वडील रात्रीच्या दारूमुळे उठण्याच्या स्थितीत नाहीत. वाटेत बहीण-भावांत ताऱ्यांविषयी संवाद होतो आणि आपल्या वाट्याला आलेला तारा किडका आहे, असे टेस सांगते. पुढे तिला डुलकी लागते, समोरून भरधाव टपालगाडी येते आणि कुटुंबाचा एकमेव घोडा प्रिन्स मरतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत किडका तारा हमखास येतो. घोडा क्वचितच येतो, आणि आला तरी अपशकुनाचे प्रतीक म्हणून. वस्तुतः घोडा हे प्रतीक होण्यापूर्वी घोडा आहे. डर्बीफिल्ड हा खेडोपाडी माल फिरवून विकणारा किरकोळ व्यापारी. घोडा गेला की त्याचा धंदा गेला. धंदा गेला म्हणूनच आई टेसला श्रीमंत ‘नातेवाइकां’कडे पाठवते आणि म्हणूनच ॲलेकची गाठ पडते. तारा किडका असो वा नसो, घर एका जनावरावर चालते आणि ते जनावर बदलण्याइतके पैसे घरात नाहीत, हे त्या प्रसंगाचे वर्म आहे. हार्डीने ते लपवलेले नाही. मात्र ते पाहण्याची दृष्टी वाचकाला आधी कोठेतरी मिळालेली असावी लागते.

मेंढ्या, सुड्या आणि पाऊस

ती दृष्टी ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ देते. लेस्ली स्टीफन याच्या संपादकत्वाखालील ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये १८७४ च्या जानेवारी ते डिसेंबर या काळात ती निनावी प्रसिद्ध झाली. आरंभीचे भाग वाचून ही लेखिका जॉर्ज एलियट असावी, असा तर्क ‘स्पेक्टेटर’च्या परीक्षकाने केला होता. ‘वेसेक्स’ हे जुने नाव आपण प्रथम या कादंबरीच्या प्रकरणांत वापरले, असे हार्डीने पुढे प्रस्तावनेत नमूद केले आहे. ज्या प्रदेशाच्या नावाने हार्डी ओळखला जातो, त्याचे नामकरण येथे झाले ही गोष्टही आरंभासाठी थोडी अनुकूल आहे. परंतु खरे कारण कादंबरीच्या पाचव्या प्रकरणात सापडते.

गेब्रिएल ओक हा अठ्ठावीस वर्षांचा मेंढपाळ. नुकताच मजुरीतून वर आलेला. कर्जाऊ घेतलेल्या दोनशे गाभण मेंढ्यांचा मालक. त्याच्याकडे एक घड्याळ आहे, ज्यातील मिनिटे बरोबर असतात पण तास कोणता याचा भरवसा नसतो, म्हणून तो आकाशातील तारे पाहून वेळ ठरवतो. येथे तारे आहेत, पण ते किडके नाहीत किंवा निरोगीही नाहीत. ते उपयोगाचे आहेत. एका रात्री त्याचा नवशिका कुत्रा अतिउत्साहाने कळपाचा पाठलाग करतो आणि सारा कळप चुनखडीच्या खाणीच्या कड्यावरून खाली लोटला जातो. ओक कड्यावर उभा राहून खाली पाहतो तेव्हा त्याच्या मनात प्रथम येते ती त्या मुक्या जनावरांविषयी व त्यांच्या न जन्मलेल्या कोकरांविषयी करुणा. दुसरा विचार येतो तो असा की मेंढ्यांचा विमा उतरवलेला नव्हता. या दोन विचारांचा क्रम आणि त्यांच्यामधील अत्यल्प अंतर यांत हार्डीचे सारे सामर्थ्य आहे. करुणेला हिशेबाची लाज वाटत नाही आणि हिशेबाने करुणा उणावत नाही. देणी फेडल्यावर ओकच्या अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरत नाही. आता या दुर्घटनेला नियती म्हणावे काय? कुत्रा शिकाऊ होता, कुंपण कुजके होते, कळप कर्जाचा होता, विमा नव्हता. दैवाचा भाग असलाच तर या चार गोष्टी एका रात्री एकत्र आल्या, एवढाच. कुत्र्याला त्याच दिवशी गोळी घातली जाते. निवेदक त्यावर फार भाष्य करीत नाही.

पुढचे प्रकरण कॅस्टरब्रिजच्या मजूरबाजाराचे. वर्षभराच्या कराराने कामाला राहू इच्छिणारे दोन-तीनशे मजूर रस्त्यात उभे आहेत. गाडीवानांच्या टोपीला चाबकाची दोरी, शाकारणी करणाऱ्यांच्या टोपीला विणलेल्या गवताचा तुकडा, मेंढपाळांच्या हातात आकडीची काठी. ‘सालगडी’ हा शब्द ज्या भाषेत रुळलेला आहे तिच्या वाचकाला या प्रकरणावर टीप द्यावी लागत नाही. कारभारी म्हणून उभ्या असलेल्या ओकला कोणी विचारीत नाही. तेव्हा तो लोहाराकडून मेंढपाळाच्या काठीची आकडी घडवून घेतो, आपला ओव्हरकोट देऊन त्याबदल्यात मेंढपाळाचा ढगळ सदरा घेतो, आणि परत येऊन पाहतो तो मागणी कारभाऱ्यांनाच अधिक आहे. हाच तो प्रसिद्ध हार्डीय उपरोध. ‘टेस’ किंवा ‘ज्यूड’मध्ये तो वाचकाच्या अंगावर येतो, येथे तो बाजारातील मागणी-पुरवठ्याच्या रूपात, किंचित विनोदाने, प्रथम भेटतो. ज्या वाचकाने तो येथे ओळखला त्याला पुढे तो ब्रह्मांडाचा कट वाटत नाही.

कादंबरीचे हृदय मात्र सुड्यांच्या प्रकरणांत आहे. बाथशेबा एव्हरडीन हिने काकाची शेती वारसाहक्काने मिळवून, चोरी करणाऱ्या कारभाऱ्याला काढून, स्वतः कारभार हाती घेतला आहे. धान्यबाजारात पुरुषांच्या घोळक्यात ती एकटी स्त्री भाव ठरवते. तिने सार्जंट ट्रॉयशी लग्न केले आहे. सुगीच्या भोजनाच्या रात्री ट्रॉय सर्व गड्यांना ब्रँडी पाजून झिंगवतो. पाऊस येणार असल्याचा ओकचा निरोप तो धुडकावतो. ओकने हा अंदाज कशावरून बांधला, ते हार्डी सावकाश सांगतो : वाटेत आडवा आलेला भेक, घरात शिरलेली गोगलगाय, छतावरून उतरलेले दोन काळे कोळी, आणि मग ओक मेंढ्यांकडे जातो. मेंढ्या वादळाच्या दिशेला शेपट्या करून एकत्र दाटल्या आहेत. मेंढ्यांना गडगडाटाची खबर आहे, सरपटणाऱ्या जीवांना नंतरच्या संततधारेची. दोन्ही साक्षी जुळवून ओक निष्कर्ष काढतो की आधी वादळ आणि मग गार, लांबलेला पाऊस येणार.

शेतात आठ सुड्या उघड्या आहेत : पाच गव्हाच्या, तीन सातूच्या. ओक उभ्या उभ्या हिशेब करतो. गहू ५०० पौंडांचा, सातू २५० पौंडांचा; एकूण ७५० पौंड. ज्या स्त्रीने आपल्याला नाकारले आणि दुसऱ्याशी लग्न केले, तिच्या धान्याची ही किंमत आहे. विजा कोसळत असताना तो सुड्या शाकारतो; काही वेळाने बाथशेबाही पेंढ्या वर देण्यासाठी येते. इंग्रजी कादंबरीतील प्रेमप्रसंगांत या प्रसंगाची गणना सहसा होत नाही, पण ती व्हायला हवी. दोघे एकमेकांशी प्रेमाचा एक शब्दही बोलत नाहीत आणि वाचकाला मात्र कळते की तलवारीच्या कसरतीने दिपवणारा ट्रॉय आणि सुडीवर चढलेला ओक यांच्यातील फरक केवळ स्वभावाचा नाही. काय येऊ घातले आहे ते वाचण्याच्या क्षमतेचा तो फरक आहे. दुसऱ्या दिवशी शेजारचा मातब्बर शेतकरी बोल्डवूड भेटतो. त्याच्या स्वतःच्या सुड्या भिजल्या आहेत. यंदा त्या झाकायच्या राहून गेल्या, असे तो सांगतो. बाथशेबाने थट्टेत पाठवलेल्या एका प्रेमपत्राने या माणसाचे काय झाले, हे सांगण्यासाठी हार्डीला मनोविश्लेषणाची पाने लागत नाहीत. सुड्या न झाकलेला शेतकरी एवढे पुरते.

हेच मेंढ्यांच्या पोटफुगीच्या प्रकरणाविषयी म्हणता येईल. कोवळ्या क्लोव्हरच्या शेतात घुसून ५७ मेंढ्या फुगतात. त्यांच्या कुशीत योग्य जागी टोकदार नळी खुपसून वायू मोकळा करण्याचे कसब एकट्या ओककडे आहे आणि बाथशेबाने त्याला आदल्याच दिवशी कामावरून काढलेले आहे. हुकूम पाठवून तो येत नाही. विनंती केल्यावर येतो. वाचलेल्या आणि दगावलेल्या मेंढ्यांची संख्या निवेदक चोख देतो. मालकीण आणि नोकर, स्त्री आणि पुरुष, गर्व आणि गरज या सगळ्यांचा व्यवहार त्या नळीच्या टोकावर होतो. कादंबरीची संक्षिप्त रूपे तयार करताना नेमकी अशीच प्रकरणे ‘वर्णनात्मक’ म्हणून कापण्याचा मोह होतो. ती कापली की एक स्त्री आणि तीन पुरुष एवढाच सांगाडा उरतो. म्हणून आरंभ या कादंबरीने करावयाचा तर संपूर्ण ५७ प्रकरणांनी करावा.

या जगात संकटे टळतातच असे नाही. फॅनी रॉबिन ही मोलकरीण लग्नासाठी चुकीच्या चर्चमध्ये जाऊन उभी राहते, आणि तेवढ्या उशिराने, ट्रॉयच्या दुखावलेल्या अहंकाराने, तिचे आयुष्य संपते. गर्भारपणी ती अनाथाश्रमवजा दरिद्रालयाकडे रस्त्याच्या कुंपणाला धरत, शेवटी एका भटक्या कुत्र्याच्या आधाराने सरकते, ते वर्णन ‘टेस’मधील कोणत्याही प्रसंगाइतके निष्ठुर आहे. लेस्ली स्टीफनने हा भाग जपून हाताळण्याची सूचना केली होती आणि शवपेटीतील अर्भकाचा उल्लेख मासिकात सौम्य करावा लागला होता. म्हणजे ही कादंबरी हार्डीचे कोवळे रूप आहे, हा समज बरोबर नाही. नंतरचे सर्व काही येथे आहे. फक्त येथे दुर्दैव आणि त्यावरचा इलाज शेजारी शेजारी उभे आहेत, आणि इलाज कोठे चालतो, कोठे थिटा पडतो, हे दिसते.

काही आक्षेप

सर्वांत वजनदार आक्षेप ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ (१८८६) च्या बाजूने येईल. तीही शेतीच्या अर्थकारणात रुजलेली आहे. धान्य कायदे रद्द होण्यापूर्वीच्या बेभरवशाच्या हंगामांचा उल्लेख हार्डीने तिच्या प्रस्तावनेतच केला आहे. आकाराने आटोपशीर, ४५ प्रकरणांची, एका पुरुषाच्या उदयास्ताभोवती घट्ट विणलेली. जत्रेत दारूच्या नशेत पाच गिनींना बायको विकणारा हेंचर्ड पहिल्याच प्रकरणात वाचकाला जो धरतो, तो सोडत नाही. अभ्यासक्रमाच्या सोयीने पाहिले तर तीच योग्य. ग्रीक शोकांतिकेशी तुलना करून एक व्याख्यान, स्वभाव हेच दैव यावर दुसरे. पण ही सोयच तिच्या विरोधात जाते. तिच्यात वाचकाचे लक्ष एका माणसाच्या स्वभावावर इतके खिळते की परिसर पार्श्वभूमीला जातो. शिवाय साप्ताहिकाच्या प्रत्येक अंकात काहीतरी घडलेच पाहिजे या गरजेपायी आपण तिचे कलात्मक नुकसान केले, असे खुद्द हार्डीला वाटत होते. योगायोगांची ती दाटी प्रथम पाहणाऱ्याला हार्डीचा योगायोग म्हणजे कळसूत्र वाटू लागते. दुसरे पुस्तक म्हणून ‘मेयर’ला तोड नाही.

हेन्री जेम्सने १८७४ मध्येच ‘फार फ्रॉम’चे परीक्षण करताना तिच्यातील माणसांपेक्षा मेंढ्या आणि कुत्रेच विश्वसनीय वाटतात, अशा अर्थाचा शेरा मारला होता. हा शेरा अन्यायकारक आहे, तरी त्यात तथ्याचा अंश आहे. बुडाल्याचे समजले गेलेला ट्रॉय जत्रेतील तंबूत घोडेस्वाराचे सोंग घेऊन परततो, तो भाग ओढूनताणून आणलेला आहे. गावकऱ्यांचा विनोदी चमू अधूनमधून कंटाळवाणा होतो. त्यांच्या बोलीतील नर्मविनोद परभाषिक वाचकापर्यंत पोहोचतच नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की हे मजूर येथे बरेचसे सुखी आणि स्थिर दाखवलेले आहेत. ‘द डॉर्सेटशायर लेबरर’ (१८८३) या निबंधात हार्डीने मजुरांचे दरवर्षीचे स्थलांतर आणि शहरी लोकांच्या मनातील खेडूताची ठोकळेबाज प्रतिमा यांवर लिहिले. त्या जाणिवेची पूर्ण किंमत ‘फार फ्रॉम’ने अद्याप मोजलेली नाही. ही तिची मर्यादा मान्य करावी लागते. मात्र मर्यादा दिसण्यासाठीही आधी मोजमापाची एक पट्टी हाती असावी लागते.

सुखान्ताचा आक्षेप तेवढा टिकत नाही. ओक आणि बाथशेबा यांचे लग्न धुक्याच्या सकाळी, जवळजवळ चोरून होते. एक माणूस खून होऊन मेलेला आहे, दुसरा फाशी टळून तुरुंगात आहे, फॅनी आणि तिचे मूल थडग्यात आहेत. याला सुखान्त म्हणणाऱ्याने पुस्तकाची शेवटची शंभर पाने घाईने उलटली असली पाहिजेत.

पुढील वाचन

‘फार फ्रॉम’नंतर ‘मेयर’ आणि मग ‘द वुडलँडर्स’ (१८८७) घ्यावी. हिच्याकडे अभ्यासक्रमांचे दुर्लक्ष झाले आहे. हार्डीला स्वतःला कथा म्हणून ती सर्वांत आवडत असे. तिच्यात जाइल्स विंटरबोर्नची घरे एका वृद्धाच्या श्वासावर टांगलेली आहेत : भाडेपट्टा त्याच्या हयातीपुरता आहे, तो मेला की घरे जमीनदारणीकडे. दारासमोरचे झाड आपल्याला मारणार या भयाने तो वृद्ध अंथरुणाला खिळला आहे. डॉक्टर झाड तोडायला सांगतो. झाड नाहीसे झालेले पाहून वृद्ध मरतो. घरे जातात, घरांबरोबर जाइल्सचे ठरत आलेले लग्न जाते. अंधश्रद्धा, वैद्यक आणि मालमत्तेचा कायदा यांची अशी गाठ अन्यत्र क्वचितच आढळेल.

हा भाडेपट्टा ओळखीचा झाल्यावर ‘टेस’ उघडली म्हणजे तिच्या उत्तरार्धातील एक ओझरता तपशील जागीच थांबवतो. टेसचा बाप मरतो आणि त्याच्याबरोबर घराचा पट्टा संपतो, कारण तोही त्याच्या हयातीपुरता होता. लेडी डेच्या सुमारास, गावोगाव मजुरांची बिऱ्हाडे गाड्यांवर लादलेली असताना, डर्बीफिल्ड कुटुंबही सामानासह रस्त्यावर येते. ठरवलेली खोली मिळत नाही. पूर्वजांच्या थडग्यांशेजारी, चर्चच्या भिंतीला लागून खाट मांडली जाते. ॲलेक त्याच वेळी निवाऱ्याची तयारी दाखवतो. टेस त्याच्याकडे परत का गेली, या परीक्षेत हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर अमर्त्यांच्या क्रीडेत शोधण्याआधी या खाटेपाशी शोधले पाहिजे. प्रिन्स घोड्याकडेही मग वाचक वेगळ्या नजरेने पाहतो; त्या मेलेल्या घोड्याचे कातडे-मांस विकायला बाप नकार देतो आणि त्याला अंगणात पुरतो, यातील मोठेपणा आणि न परवडणारा मोठेपणा दोन्ही त्याला दिसतात.

‘ज्यूड’ सर्वांत शेवटी. ती प्रसिद्ध झाल्यावर वेकफिल्डच्या बिशपने आपण ती जाळल्याचे जाहीर केले होते, आणि तिच्यानंतर हार्डीने नवी कादंबरी लिहिली नाही. १८९७ मध्ये आलेली ‘द वेल-बिलव्हड’ आधी नियतकालिकात क्रमशः छापलेल्या कथेचे पुनर्लेखन होते. ‘ज्यूड’च्या आरंभी अकरा वर्षांचा पोरका मुलगा शेतकरी ट्राउथमच्या शेतात खुळखुळा वाजवून कावळे हाकतो आहे. भुकेल्या पाखरांची दया येऊन तो खुळखुळा खाली टाकतो, पाखरांना खाऊ देतो, आणि मार खातो. शेतकरी त्याच्या हातावर दिवसाच्या कामाचे सहा पेन्स ठेवून पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणून बजावतो. मुक्या जनावरांविषयी हीच करुणा कड्यावर उभ्या असलेल्या ओकच्या मनातही प्रथम आली होती. पण ओकजवळ कळप होता, कसब होते, आणि कळप गेल्यावरही आकडीची काठी घडवून घेण्यापुरते पैसे होते. ज्यूडजवळ एक खुळखुळा आहे आणि तो दुसऱ्याचा आहे.